शेवटच्या माणसाचा दोर

ही हकिगत सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. विसरलो होतो असं म्हणता आलं असतं, या वयात ते खपूनही जातं; पण विसरलो नव्हतो. घरात कुणी डोंगराचा विषय काढला की मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठतो. मंडळाच्या स्मरणिकेसाठी आठवणी मागायला पोरं येतात तेव्हा डोळ्यांचं कारण सांगतो. डोळे उत्तम आहेत. तीच स्मरणिका मी नंतर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो, आणि तिच्यात दर वेळी एक वाक्य असतंच: दोन दोर जोडणारी गाठ सुटल्यामुळे आमचा एक सदस्य पडला. ते वाक्य मूळचं माझं आहे आणि ते खोटं आहे.

आधी मंडळाविषयी सांगतो, कारण त्या मंडळाला आज जो मान मिळतो तो पाहून मला हसू येतं. सत्तरच्या दशकातल्या सोलापुरात गच्चीवर उभं राहिलं तर गिरण्यांची धुराडी दिसत आणि त्यापलीकडे क्षितिजापर्यंत सपाट ज्वारी. ज्या गावात सायकलला चढ लागत नाही तिथे गिर्यारोहण मंडळ काढायची कल्पना एका कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या सरांना सुचली. सरांनी इंग्रजी पुस्तकांतून हिमालय वाचला होता. ते रणरणत्या उन्हात हिरवी लोकरी टोपी घालून रस्त्याने जात आणि ओळखीचं कुणी भेटलं की मुद्दाम पायऱ्या टाळून कठड्यावरून उडी मारत. आमचा सराव शहराबाहेरच्या बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत चाले. खाणीच्या तळाशी म्हशी बसलेल्या असत. त्यांच्या डोक्यावर आम्ही दोराला लटकायचो आणि सर खालून "वजन पायांवर, वजन पायांवर" असं ओरडायचे.

डोंगराचं प्रेम आमच्यापैकी कुणालाही नव्हतं. प्रेम होतं ते परतल्यावर होणाऱ्या सत्काराचं. एखादा सुळका चढून आलो की आठवड्याच्या आत कुठल्या तरी सभागृहात शाल आणि नारळ मिळे, आणि ज्याने आयुष्यात टेकडीही पाहिली नाही असा एखादा पुढारी आमच्या धाडसावर बोलून जाई. मी त्या शाली कपाटात वेगळ्या ठेवत असे. त्या शालींमुळे माझं लग्न जमलं असं आमच्या घरात म्हणत, आणि ते चुकीचं नसावं.

माझ्या वडिलांचं चादरींचं दुकान होतं. घरात कानडी, गल्ल्यावर मराठी. माल भवानी पेठेतल्या विणकरांकडून यायचा, आणि त्यातल्याच एका तेलुगू बोलणाऱ्या घरातला मुलगा माझ्या वयाचा होता. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. मी पुढे दुकानात बसलो, तो बापाबरोबर मागावर. मंडळात तो आला तो चादरींमुळे. मंडळाला मुक्कामासाठी चादरी फुकट हव्या होत्या, त्याने दिल्या, आणि मग त्याला नको म्हणण्याचं तोंड सरांना राहिलं नाही.

तो साधाभोळा वगैरे अजिबात नव्हता. आवाज मोठा, बढाया त्याहून मोठ्या. खाणीत तो सगळ्यांत वाईट चढायचा. चढताना बोलायचा आणि बोलताना पाय कुठे ठेवलाय हे विसरायचा. पण गाठीच्या बाबतीत मात्र त्याचा जो ताठा होता तो त्याच्या पेठेचा होता. मागावर ताण्यातला, म्हणजे उभा, धागा तुटला की विणकर दोन टोकं एकमेकांवर धरतो, अंगठ्याभोवती एक फेरा घेतो, टोक आत दाबतो आणि ओढतो. बघणाऱ्याला काही कळायच्या आत धागा जोडलेला असतो. ती गाठ इतकी बारीक असते की कापडात सापडत नाही. त्याच्या घरात ती गाठ सुटणं म्हणजे अब्रू जाणं होतं. ज्याच्या गाठी सुटतात त्याच्या मागावर दुसऱ्याने का बसावं, असं त्याचा बाप माझ्यासमोर एका कामगाराला म्हणाला होता. त्या कामगाराने मान वर केली नाही.

संक्रांतीतल्या गड्ड्याच्या यात्रेची गर्दी ओसरली की दुकानात मंदी असे. त्या सुमारास आम्ही साताऱ्याकडच्या एका डोंगरावर गेलो. एसटी टेंभुर्णीला चहासाठी थांबली तेव्हा सरांनी पुन्हा एकदा नकाशा उलगडला. किल्ल्याच्या मागून एक अरुंद धार निघते आणि लांबवर एका सुळक्याशी संपते. ती धार पार करून सुळक्याच्या पायथ्याशी फोटो काढायचा, तो वर्तमानपत्राला द्यायचा, असा बेत होता. त्यासाठी मंडळातला एक फोटो स्टुडिओवाला बरोबर घेतला होता. तो चांगला चढायचा, आणि मंडळात खरं बोलणाराही बहुधा तेवढा एकच होता. टेंभुर्णीला तो म्हणाला, "मला चांगला उजेड दुपारी थोडाच वेळ मिळणार. तुम्ही उशीर केला तर मी डोंगराचा फोटो काढीन, तुमचा नाही."

दोर दोन होते. एक पुण्याहून आणलेला जाड, दुसरा मार्केट यार्डातून घेतलेला, त्याहून पातळ. धारेच्या मध्यावर एक खाच होती आणि ती पार करायला एक दोर पुरत नव्हता. सरांनी पुस्तकातली गाठ काढून दाखवली. ती सैल दिसत होती. विणकराने दोन्ही टोकं त्यांच्या हातातून अक्षरशः काढून घेतली.

"सर, हे सूतच आहे की. जाड सूत आणि बारीक सूत. आमच्या घरात रोज जोडतेत."

"धागा वेगळा, दोर वेगळा," सर म्हणाले.

"माणूस लटकवून बघा. तुम्हीच लटका."

कुणी लटकलं नाही, पण सगळ्यांनी ओढून पाहिलं. गाठ हलली नाही. सरांनी मान डोलावली, कारण वाद लांबला असता तर त्यांची सैल गाठ सगळ्यांनी पुन्हा पाहिली असती.

धारेवर गेल्यावर आमच्या शाली उतरल्या. धार म्हणजे घराच्या कौलांच्या मधल्या पन्हळीएवढी रुंद वाट, तीही सलग नाही. डावीकडे कडा सरळ खाली. उजवीकडे वाळलेलं गवत, त्याखाली मुरमाचा घसारा, आणि घसाऱ्याखाली काय आहे ते दिसत नाही. गवतावर पाय ठेवला की तो तेल लावल्यासारखा सरके. वारा एका बाजूने येऊन अंगाला रेटायचा आणि आपण त्याच्यावर रेलावं तर मध्येच थांबायचा. खाणीतल्या सरावाचा तिथे काही उपयोग नव्हता. खाणीत उंची एका बाजूला असते. इथे ती दोन्ही बाजूंना होती आणि समोर चालणाऱ्याच्या टाचेशिवाय बघायला काही नव्हतं.

हिमालय वाचलेले सर पहिल्याच अरुंद जागी खाली बसले आणि घोड्यावर बसल्यासारखे दोन्हीकडे पाय सोडून ढुंगणाने पुढे सरकू लागले. मागून विणकराचा आवाज आला, "सर, भूगोल बसूनच शिकवायचा असतो व्हय?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी मी पण बसलो. सांगायला नको, तोही बसला. असे आम्ही, सोलापूरचे धाडसी तरुण, एकामागे एक बसून सरकत होतो. स्टुडिओवाला तेवढा उभा चालत पुढे गेला, गळ्यात कॅमेरा घेऊन.

खाच आली. अलीकडून खाली उतरायचं, मग समोरचा कातळ चढायचा. कातळात पकडी चांगल्या होत्या, पण पायाखाली थेट दरी दिसत असल्यामुळे त्या चांगल्या वाटत नव्हत्या. स्टुडिओवाला दोराचं टोक घेऊन वर चढला, एका उभ्या खडकाच्या डोक्यात दोराचा फास अडकवला आणि सुळक्याकडे निघून गेला. दुसरं टोक अलीकडे विणकराने एका दगडाला बांधलं. दोन दोर जोडणारी त्याची गाठ खाचेच्या वर, हवेत होती. त्या दोराला धरून सर गेले. मग मी गेलो. मी जाताना माझा सगळा भार त्या गाठीवर होता आणि गाठीने हूं की चूं केलं नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि आजही आहे.

शेवटी विणकर राहिला. शेवटच्या माणसाने अलीकडचं टोक सोडून कंबरेला बांधायचं आणि दोर गोळा करत यायचं, वरच्या माणसाने फास आणि दोर सांभाळायचा, असं ठरलं होतं. वरचा माणूस मी होतो. सर सुळक्याकडे सरकत गेले होते.

तिकडून स्टुडिओवाल्याने हाक मारली. ऊन डोंगराच्या आड चाललं होतं. सर टोपी नीट करून सुळक्याला टेकून उभे राहिलेले मला दिसले. फोटोत सरांच्या शेजारी, खांद्यावर गुंडाळलेला दोर घेऊन आपण उभे आहोत, असं मी कितीतरी दिवस मनात ठरवलं होतं. आता दोर हवा होता आणि विणकर खालून बोलतच होता.

"शेठ, इथं बसायला लई भारी जागा हाय. चटणी-भाकरी पाठव खाली."

"चल बे लवकर. उजेड जाईल."

"तुझा फोटो काढून काय करणार बे, पोरगी तर बघून गेली तुला."

कातळाच्या मध्ये एक पायरीसारखी जागा होती. तो तिथे बसला असणार असं मी धरलं. दोर सैल होता. तिथून वरची वाट सोपी होती, दोर नसला तरी येईल, आणि एवढी बडबड करतोय तर येऊ दे की एकदा दोराशिवाय, जरा तोंड बंद होईल. हे सगळं मी विचार करून ठरवलं. घाबरून हात सुटला असं मी मला स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. तसं झालं नव्हतं. दोन पावलं पुढे जाऊन कड्यावरून वाकून बघायचं होतं. मी बघितलं नाही. खडकावरून फास काढला.

त्याच क्षणी दोर माझ्या हातातून गेला. तो बसलेला नव्हता. उठून निघाला होता आणि भार दोरावर टाकला होता. पडताना त्याने आवाजही काढला नाही. सतत बोलणारा माणूस, तेवढ्यापुरता गप्प. मग दगड गेल्याचा आवाज आला, आणि मग नुसता वारा.

तो उजवीकडे गेला म्हणून वाचला. घसाऱ्यात एक कारवीचं झुडूप होतं, त्याला अडकून राहिला. मी उतरलो. कसा उतरलो ते खरंच आठवत नाही, आणि त्या उतरण्याबद्दल पुढे मला जे म्हटलं गेलं त्यातला एक शब्दही मी घेऊ नये. मी त्याच्यासाठी घाईने उतरलो, पण दोरासाठीही उतरलो.

त्याचे डोळे मिटलेले होते, श्वास चालू होता. एक पाय घोट्यातून भलतीकडे वळला होता. दोर सगळाच्या सगळा त्याच्या अंगावर पडला होता: एका टोकाला त्याची कंबर, दुसऱ्या टोकाला माझा रिकामा फास, आणि मध्ये त्याची गाठ, जशीच्या तशी. कुणीही बघितलं असतं तर त्याला एका नजरेत कळलं असतं की दोर वरून सोडला गेला.

मी गाठ सोडायला घेतली. ती सुटेना. झटक्याने ती इतकी आवळली होती की जाड दोर पातळ दोरात रुतला होता. मी नखं लावली, दात लावले. शेवटी कांदा चिरायचा चाकू खिशात होता त्याचं टोक घालून ती ढिली केली. माझ्यासमोर माणूस बेशुद्ध पडला होता, त्याच्या डोक्यातून रक्त येत होतं, आणि मी गाठ सोडत बसलो होतो. याहून जास्त मला माझ्याविषयी सांगायचं नाही.

फासाचा दोर मी माझ्या खांद्यावर घेतला. वर सरांचं डोकं दिसलं.

"काय झालं?"

"गाठ सुटली, सर. मी वरचा दोर काढून घेऊन उतरलोय."

सर लगेच म्हणाले, "मी सांगितलं होतं. धागा वेगळा, दोर वेगळा." त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण दुःखाच्या आधी आणखी काही होतं, ते मी ओळखलं. स्टुडिओवाला वरून माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. त्याने काही विचारलं नाही. खरं बोलणाऱ्या माणसालाही न विचारण्याची सोय असते.

दोन चादरी एकमेकींत गुंतवून आम्ही त्याला झोळीत घातलं आणि खालच्या वाडीतल्या लोकांना बोलावून उतरवलं. शुद्धीवर आल्यावर तो झोळीतूनच म्हणाला, "काय सुटलं?" मी म्हणालो, "गाठ." त्याने झोळीची कड धरून मान उचलली. मग म्हणाला, "माझी?"

सोलापूरला माझा सत्कार झाला. जीव धोक्यात घालून मित्राला वाचवणारा तरुण. शाल, नारळ, पुढारी. विणकर काठी घेऊन पहिल्या रांगेत बसला होता आणि सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. मी त्याच्याकडे बघून हात जोडले. लोकांना ते विनय वाटलं.

त्याचा पाय वाकडाच बसला, पण पायाचं त्याला फारसं वाटलं नाही. पेठेत लोक थट्टा करत. सूत घ्यायला गेला की कुणी म्हणे, "जोडून देऊ का आम्हीच?" तो हसून शिव्या द्यायचा. पण बापाने त्याला मागावरून उठवून हिशेबाला बसवलं. म्हाताऱ्याने कारण पायाचं सांगितलं. घरात सगळ्यांना खरं कारण ठाऊक होतं.

एकदा चादरी बघायला गेलो होतो. तो शेडच्या मागे होता. आढ्याला एक जाड दोर बांधलेला, त्याला पातळ दोर जोडलेला, आणि खाली वाळूने भरलेलं पोतं लटकत होतं. तो पोत्याला मिठी मारून पाय उचलत होता आणि सोडत होता.

"बघ," तो म्हणाला. "सुटत नाही. महिनाभर असंच बांधून ठेवलंय. मी लटकलो, पोरं लटकली. सुटत नाही. मग तिथं का सुटली बे?"

तेव्हा शेडच्या मागे आम्ही दोघंच होतो, मागांच्या खडखडाटात तिसऱ्याला काही ऐकूही गेलं नसतं. इतकी सोयीची जागा मला पुन्हा कधी मिळाली नाही.

"घाईत बांधली असशील," मी म्हणालो.

त्याने पोतं थांबवलं. हाताकडे बघितलं, आधी एका, मग दुसऱ्या.

"असेल," तो म्हणाला. "मी घाईतच असतो."

दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा पोतं नव्हतं, दोरही नव्हता. त्यानंतर मी त्याला कधी गाठ मारताना पाहिलं नाही. चादरींच्या गठ्ठ्याला सुतळी बांधायची वेळ आली की तो मुलाला हाक मारायचा. मी समोर उभा असायचो. माल कमी आहे, रंग फिका आहे, यावर मी घासाघीस करायचो.

मंडळ वाढलं. आता दर रविवारी त्यांच्या गाड्या निघतात, पोरं महागाचे बूट घालून धारेवर उभी राहून स्वतःचेच फोटो काढतात, आणि नव्या पोरांना शिकवताना कुणीतरी सांगतं की दोराला विणकरी गाठ कधी मारू नये, आमच्या मंडळात एकदा तसा अपघात झाला आहे. मी खुर्चीत बसून ते ऐकलं आहे. मला त्या पोरांची कीव येते, आणि तोंड उघडत नाही म्हणून स्वतःची किळस येते. किळस येऊनही मी चहा संपवून घरी जातो.

शेवटचा त्याच्याकडे गेलो तेव्हा तो आजारी होता. माग कधीच बंद पडले होते, शेडमध्ये कुणाचं तरी गोदाम होतं. मी ठरवून गेलो होतो. वाटेत रिक्षात वाक्य म्हणून पाहिलं होतं, तोंडातल्या तोंडात. तो भिंतीला टेकून बसला होता. सुनेला तेलुगूत काहीतरी सांगत होता, तिने मला वाकून नमस्कार केला, तेव्हा मला कळलं की तो काय सांगत होता.

ती चहा ठेवायला आत गेली. मी खुर्ची पुढे ओढली. म्हटलं, "तुला एक सांगायचं आहे."

"थांब बे," तो म्हणाला. "आधी माझं ऐक, माझा श्वास कमी हाय. त्या दिवशी माझ्या गाठीपायी तू दरीत उतरलास. तू पण गेला असतास. तुझं लग्न ठरलेलं. मी कधी बोललो नाही, मला लाज वाटायची. माफ कर मला."

त्याने हात जोडले. मी ते धरले, खाली घेतले.

"असू दे," मी म्हणालो.

चहा आला. आम्ही तो प्यायलो, शाळेतल्या मास्तरांबद्दल बोललो. त्याच आठवड्यात तो गेला. त्याच्या घरच्यांकडे जायला अजून माझा पाय उचलत नाही.

रिक्षात म्हणून पाहिलेलं वाक्य असं होतं: तुझी गाठ शेवटपर्यंत पक्की होती. फास मी काढला, न बघता, आणि मग चाकू घालून ती गाठ मी सोडली. तुझ्या हाताची काही चूक नव्हती. मला माफ कर.